खिडकीचे गज आणि आगीचा कायदा
(बी. ए. द्वितीय वर्ष)

माणसाच्या मूलभूत गरजा तीन : अन्न, वस्त्र आणि निवारा. हे वाक्य आपण प्राथमिक शाळेपासून लिहीत आलो आहोत. परंतु निवाऱ्याला खिडकी का असते, ती केवढी असावी, ती कोणाला उघडता यावी आणि घराला आग लागली तर तिचा उपयोग काय, हे मात्र कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नव्हते. मी या विषयाकडे वळलो तो वाचनाच्या आवडीने नव्हे, एका रात्रीच्या अनुभवाने. तो अनुभव प्रथम सांगतो, म्हणजे पुढील विवेचन वाचकांना कोरडे वाटणार नाही.

माझा चुलतभाऊ नागपूरला नोकरीला आहे. एका नव्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तो भाड्याने राहतो. दीड वर्षापूर्वी स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने मी त्याच्याकडे मुक्कामाला गेलो होतो. रात्री दोनच्या सुमारास वहिनीने मला हलवून उठवले. "भाऊजी, कशाचा तरी वास येतो," एवढेच त्या म्हणाल्या. दादाने दार उघडले आणि लगेच लावून घेतले. जिना दिसतच नव्हता. तेथे नुसता काळा धूर उभा होता. जिन्याखाली विजेच्या मीटरची पेटी होती, ती पेटली होती. वर गच्चीवर जावे तर गच्चीच्या दाराला कुलूप असते हे आम्हांला ठाऊक होते. राहिली खिडकी. दादाने काच सरकवली आणि आम्ही सगळे गजांशी जाऊन उभे राहिलो. गज भिंतीत पक्के बसवलेले होते. दोन गजांमधून हात बाहेर जात होता, डोके जात नव्हते. वहिनीने पाच वर्षांच्या मुलीचे तोंड गजांच्या फटीशी धरले, म्हणजे तिला तरी हवा मिळावी. दाराखालच्या फटीत आम्ही ओला टॉवेल कोंबला होता, तरी खोलीत धूर येतच होता. अग्निशमन दलाने आग विझवून आम्हांला खाली आणले तोवर अर्धा तास गेला होता.

आम्ही सर्व सुखरूप राहिलो. पण त्या अर्ध्या तासात माझ्या मुठीत जे गज होते ते मी विसरू शकलो नाही. ज्या घरमालकाने ते बसवले त्याने ते चोराला बाहेर ठेवण्यासाठी बसवले होते. आम्हांला आत ठेवावे असा त्याचा हेतू नव्हता. मग चूक कोणाची? कायदा याबाबत काय सांगतो? या प्रश्नांचा मागोवा घेत मी जे वाचले आणि पाहिले, ते येथे मांडीत आहे.

माणूस मरतो तो आगीने की धुराने?

आग पेटण्यास तीन गोष्टी लागतात : जळणारी वस्तू, उष्णता आणि प्राणवायू. हे आपण विज्ञानात शिकलो आहोत. परंतु बंद इमारतीतील आगीत बहुसंख्य माणसे ज्वाळांनी भाजून नव्हे, तर धुराने गुदमरून दगावतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो.

आपल्या विदर्भातील एक दुःखद घटना या दृष्टीने आठवावी. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. कक्षात १७ बालके होती. त्यांपैकी १० दगावली. ३ बालके भाजल्याने आणि ७ धुरात गुदमरून गेली, असे त्या वेळी आरोग्यमंत्र्यांनी सांगितले होते. ज्वाळा जेथे पोहोचल्या नाहीत तेथे धूर पोहोचला होता.

धुराचा स्वभाव ओळखला की खिडकीचे महत्त्व आपोआप कळते. गरम धूर हलका असतो. तो प्रथम छताला लागतो, तेथे साचतो आणि मग थराथराने खाली उतरतो. म्हणूनच धूर झालेल्या खोलीत उभे न राहता जमिनीलगत सरपटत जावे असे सांगतात.

येथे आपल्या भागातील जुन्या घरांची आठवण होते. माझ्या आजीच्या घराला कुडाच्या भिंती होत्या आणि वर कवेलू. खिडकी अशी नव्हतीच. भिंतीत हातभर झरोका होता. चूल घरातच पेटे, पण तिचा धूर कवेलूंच्या फटींतून वर निघून जाई. पहाटे गावाकडे पाहिले तर प्रत्येक छपरातून निळा धूर झिरपताना दिसे. ते घर छपराने श्वास घेत होते. आता त्याच जागी स्लॅबचे घर उभे आहे. स्लॅब पावसाला दाद देत नाही, तशी धुरालाही वाट देत नाही. कवेलूंनी केलेले काम आता एकट्या खिडकीला करावयाचे आहे. आपण घर बदलले, पण खिडकीकडे मात्र जुन्या झरोक्याच्याच नजरेने पाहत राहिलो.

खिडकी : मित्र आणि शत्रू

आगीच्या वेळी खिडकीची चार कामे असतात. ती धूर बाहेर सोडते. अडकलेल्या माणसाला श्वास देते. 'मी येथे आहे' हे सांगण्याची जागा देते. आणि शिडी पोहोचण्याजोगी उंची असेल तर सुटकेचा मार्गही होते.

परंतु हीच खिडकी आगीचा मार्गही होते. खोली पूर्ण पेटली की काचा तडकतात, ज्वाळा बाहेर येतात आणि भिंतीवरून वर चढून वरच्या मजल्याच्या खिडकीतून पुन्हा आत शिरतात. म्हणून एका मजल्याची खिडकी आणि तिच्या वरची खिडकी यांच्यामध्ये पुरेशी न जळणारी भिंत किंवा पुढे आलेला छज्जा असावा, हे तत्त्व इमारतींच्या नियमांत मानले जाते. आपल्याकडे छज्जा पावसासाठी करतात. तो ज्वाळेलाही भिंतीपासून दूर लोटतो.

खिडकी आणि आग यांचा कायदा आजचा नाही. १६६६ साली लंडन शहर मोठ्या आगीत भस्मसात झाले. त्यानंतर घरे वीट व दगड यांचीच बांधावीत असा कायदा झाला. पुढे १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरील तोंडापासून ४ इंच आत बसविण्याचे बंधन घातले. एका घराच्या ज्वाळेने शेजारच्या घराची चौकट सहज पेटू नये, हा त्यामागील हेतू होता. अवघ्या चार इंचांचा नियम, पण तो करण्यासाठी एक शहर जळावे लागले.

आणि तीन शतकांनंतर त्याच लंडनमध्ये हा धडा पुन्हा शिकावा लागला. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या २४ मजली निवासी इमारतीत चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात आग लागली. ती खिडकीच्या भोवतालच्या भागातून बाहेर पडली. इमारतीला शोभेसाठी व थंडीपासून बचावासाठी बाहेरून जे आवरण चढविले होते ते ज्वलनशील होते. आग त्या आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली.

आपला कायदा

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांच्या या यादीत 'अग्निशमन सेवा' हा विषय आहे. म्हणजे हा विषय दिल्लीचा किंवा मुंबईचाच नाही. तो नगरपंचायतीचाही आहे.

इमारत कशी असावी हे सांगणारा देशपातळीवरील ग्रंथ म्हणजे भारतीय मानक संस्थेची राष्ट्रीय इमारत संहिता. तिची पहिली आवृत्ती १९७० साली निघाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ साली ती सुधारण्यात आली. तिचा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षा यांविषयी आहे. ही संहिता स्वतः कायदा नव्हे, ती शिफारस आहे. राज्ये आणि स्थानिक संस्था आपल्या नियमावलीत ती स्वीकारतात तेव्हा ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात त्याखेरीज 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' हा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार आग प्रतिबंधक व्यवस्था बसविणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही इमारतीच्या मालकाची अथवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती व्यवस्था चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, द्यावयाचे असते.

आता संहितेतील काही मुद्दे पाहू.

(१) १५ मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची इमारत ही संहितेच्या दृष्टीने 'उंच इमारत' ठरते आणि तिला कडक नियम लागतात. दादा राहतो तशा चार मजली इमारती बहुधा या रेषेच्या खाली राहतात. नियम सैल होतात. धूर मात्र उंची मोजून येत नाही.

(२) बाहेर पडण्याचा मार्ग म्हणून संहिता दार, मार्गिका, आतील किंवा बाहेरील जिना, रस्त्याकडे वा छताकडे जाता येईल असा व्हरांडा अथवा गच्ची यांची गणना करते. उद्वाहक म्हणजे लिफ्ट हा मार्ग मानलेला नाही. या यादीत खिडकीही नाही. आपल्या संहितेचा सगळा भरवसा जिन्यावर आहे.

(३) म्हणूनच जिना धूरमुक्त राहावा यासाठी नियम आहेत. आगीचा धोका असलेली कोणतीही जागा थेट जिन्यात उघडू नये. संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत बंदिस्त जिन्याच्या माथ्यावर, जिन्याच्या छेदक्षेत्राच्या ५ टक्के इतके, कायम उघडे धूरद्वार सांगितलेले आहे आणि प्रत्येक मजल्यावर उघडता येणारी तावदाने. म्हणजे खिडकीचा पहिला मान खोलीचा नव्हे, जिन्याचा आहे.

हे वाचताना मला त्या रात्रीचा जिना आठवला. मीटरची पेटी जिन्याखाली, वरचे दार कुलूपबंद, आणि मधल्या खिडक्यांना न उघडणाऱ्या काचा. तो जिना राहिला नव्हता, ते धुरांडे झाले होते.

हा एकट्या नागपूरचा प्रश्न नाही. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे मुंबईत गोरेगावच्या जय भवानी या निवासी इमारतीत तळमजल्यावर वाहने व जुने कपडे पेटले. आग खाली होती, पण धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि किमान ७ रहिवासी प्राणास मुकले.

थोडे गणित

कला शाखेच्या विद्यार्थ्याला गणिताचा कंटाळा असतो, पण हे गणित सोपे आहे. उजेड आणि वारा यांसाठी खोलीला किती खिडकी हवी, याचे प्रमाण संहितेने हवामानानुसार दिले आहे. उष्ण व कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, मध्यम हवामानात एक अष्टमांश आणि उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश. राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर धरले आहे. तेव्हा अशा खोलीला अनुक्रमे ०.९५, १.१९ आणि १.५८ चौरस मीटर खिडकी हवी.

परंतु कागदावरची खिडकी आणि प्रत्यक्ष उघडणारी खिडकी यांत फरक आहे. हल्ली सर्वत्र सरकत्या काचांच्या खिडक्या बसवतात. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत एक पल्ला दुसऱ्याच्या मागे जातो, म्हणजे खिडकी कधीही निम्म्याहून अधिक उघडत नाही. १.५८ चौरस मीटरची खिडकी प्रत्यक्षात ०.७९ चौरस मीटर उघडते. त्यात डासांची जाळी आली की वारा आणखी कमी होतो. गज आले की माणसासाठी ती शून्य होते.

दादाच्या घरची ती खिडकी मी दुसऱ्या दिवशी टेपने मोजली. रुंदी चार फूट, उंची चार फूट. एक पल्ला सरकवल्यावर मोकळी जागा दोन फूट बाय चार फूट, म्हणजे आठ चौरस फूट. दोन गजांमधील अंतर चार इंच. आठ चौरस फुटांची वाट चार-चार इंचांत वाटली होती.

इतर देशांत काय आहे?

अमेरिकेत अनेक ठिकाणी स्वीकारलेल्या निवासी इमारतींच्या आदर्श नियमांत, झोपण्याच्या खोलीला सुटकेची एक खिडकी किंवा बाहेर उघडणारे दार सांगितलेले असते. खिडकीची निव्वळ मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची किमान २४ इंच, रुंदी किमान २० इंच, आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांहून उंच नको. येथे एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. २० इंच रुंद आणि २४ इंच उंच अशी खिडकी केली तर तिचे क्षेत्रफळ जेमतेम ३.३३ चौरस फूट भरते. म्हणजे ती नियमात बसत नाही. रुंदी २० इंचच ठेवावयाची तर उंची सुमारे ४१ इंच करावी लागते. पाठीवर प्राणवायूचे नळकांडे घेतलेला जवान आत शिरू शकला पाहिजे, हा विचार त्यामागे आहे.

इंग्लंडमधील मार्गदर्शक नियमांत सुटकेच्या खिडकीची मोकळी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, रुंदी व उंची प्रत्येकी किमान ४५ सेंटिमीटर, आणि खालची कड जमिनीपासून फार तर ११० सेंटिमीटर उंच असावी असे आहे. जमिनीपासून साडेचार मीटरपर्यंतच्या मजल्यांसाठीच अशी खिडकी सुटकेचा मार्ग म्हणून धरली जाते.

या दोन्ही देशांच्या नियमांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, अशा खिडकीला गज लावण्यास अमेरिकेत बंदी नाही. पण ते आतून, किल्लीशिवाय आणि हत्याराशिवाय उघडले पाहिजेत. दुसरी, उंच मजल्यांवर खिडकी ही उडी मारण्याची जागा मानलेली नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर विद्यार्थी मित्रांनी विशेष विचार करावा. २४ मे २०१९ रोजी सुरत येथील तक्षशिला आर्केड या इमारतीत आग लागली. वर शिकवणी वर्ग चालत होते. जिन्याची वाट बंद झाली, तेव्हा मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या टाकल्या. त्या दुर्घटनेत २२ जणांचा बळी गेला. आपल्यापैकी कितीतरी जण नागपूर, पुणे येथे अशाच वर्गांना जातात, अशाच इमारतींत खोल्या घेतात. फीची चौकशी आपण करतो, जेवणाची करतो. दुसरा जिना कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही.

काचेच्या भिंती

नव्या इमारतींना बाहेरून संपूर्ण काच लावण्याची पद्धत आता नागपुरातही दिसते. अशा इमारतीत खिडकी सर्वत्र दिसते आणि कोठेच नसते, कारण ती काच उघडत नाही. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी तळघरात आग लागली. बंद काचांच्या आत धूर कोंडला आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली, त्यांतील बहुतेक गुदमरून. काचा फोडून जवानांना आत शिरावे लागले. मुंबईत अंधेरी येथील लोटस बिझनेस पार्क या काचेच्या इमारतीला १८ जुलै २०१४ रोजी आग लागली. तेथे अग्निशमन दलाचा एक जवान हुतात्मा झाला.

२०१६ च्या संहितेत काचेच्या दर्शनी भिंतींविषयी जे नियम आले आहेत ते या पार्श्वभूमीवर वाचावेत. प्रत्येक मजल्यावर बाहेरच्या भिंतीलगत दर १० मीटर अंतरात एक उघडणारे तावदान असावे. ते किमान १ मीटर बाय १ मीटर असावे व बाहेरच्या बाजूस उघडावे. त्याची कडी जमिनीपासून १.२ ते १.५ मीटर उंचीवर असावी. 'आगीच्या वेळी उघडा, अडवू नका' अशा अर्थाची सूचना त्याच्या आतील बाजूस किमान २५ मिलिमीटर उंच अक्षरांत लिहिलेली असावी. नियम चांगला आहे. पण त्या तावदानापुढे कपाट ठेवले तर तो संपला.

गजांचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येतो. गज काढून टाकावेत काय? माझ्या मते नाही. गज लावणाऱ्याची भीती खोटी नसते. चोर खरे आहेत, माकडे खरी आहेत, खिडकीतून पडणारी लहान मुलेही खरी आहेत. आपल्या भागात हिवतापाचा उपद्रव मोठा, त्यामुळे डासांची जाळीही काढता येणार नाही. चाटगावजवळच्या शोधग्रामसारख्या संस्थेपासून आरोग्य खात्यापर्यंत सर्वांना हिवतापाशी झुंजावे लागले, त्या तालुक्यात 'जाळी काढा' असे सांगणे शहाणपणाचे होणार नाही.

प्रश्न गज असण्याचा नाही, ते उघडण्याचा आहे. मी धानोऱ्यात एका वेल्डिंगच्या दुकानात जाऊन याची चौकशी केली. कारागिराने सांगितले की जाळीच्या एका भागाला बिजागऱ्या लावून दोन बाय तीन फुटांची झडप करता येते. लोखंड तेवढेच लागते, मजुरी थोडी वाढते. मग तो हसून म्हणाला, "पन भाऊ, झडप केली त लोकं तिले कुलूप लावतेत. आन् चाबी कुठी ठेवली ते मंग कोनालेच सापडत नाही."

त्या कारागिराने एका वाक्यात सगळा कायदा सांगितला. किल्लीने उघडणारी झडप आगीच्या वेळी बंद झडपच होय. धुरात, अंधारात, मूल रडत असताना किल्ली सापडत नाही. म्हणून झडपेला आतून सरकणारी कडी असावी आणि ती बाहेरून हात घालून पोहोचणार नाही अशा बेताने पत्र्याने झाकलेली असावी. चोराला ती दिसणार नाही, घरातल्याला अंधारातही सापडेल. लहान मूल असेल तर कडी त्याच्या हाताच्या वर असावी. प्रश्न सुटण्यास इतके लोखंड पुरे आहे.

शहरांत गजांचा आणखी एक प्रकार दिसतो. खिडकीबाहेर लोखंडी पिंजरा काढून त्यात कुंड्या, रद्दी आणि मोडके सामान ठेवतात. जी जागा धूर जाण्यासाठी व शिडी लागण्यासाठी होती, तीच जळणाच्या वस्तूंनी भरते. बांधकाम व्यावसायिकाने नकाशाप्रमाणे दिलेली खिडकी, ताबा मिळाल्यावर आपणच बुजवतो. कायद्याचा निरीक्षक येतो तो इमारत पूर्ण होताना. गज लागतात ते त्यानंतरच्या महिन्यात. आपल्या अग्निसुरक्षेतील खरी फट येथे आहे, असे मला वाटते.

आपण काय करावे?

मोठमोठ्या शिफारशी करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु खोली भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्याने आणि नवे घर बांधणाऱ्या कुटुंबाने पुढील गोष्टी सहज कराव्यात.

(१) खोली पाहताना खिडकी उघडून पाहावी. निदान एका खिडकीच्या गजांत, किल्लीशिवाय उघडणारी झडप असावी. नसेल तर घरमालकाशी बोलून करून घ्यावी.

(२) जिन्याखाली मीटरजवळ दुचाकी, गाद्या, रद्दी ठेवू देऊ नये. गच्चीचे दार आतून कडीने बंद असावे, कुलपाने नव्हे.

(३) आग लागल्यास प्रथम जिना पाहावा. जिना मोकळा असेल तर मागे दार ओढून घेऊन खाली उतरावे. लिफ्ट वापरू नये.

(४) जिन्यात धूर असेल तर दार बंद करून फटीत ओले कापड घालावे. आग आणि आपण यांच्यामध्ये बंद दार ठेवून मगच, धूर बाहेरून येत नसलेल्या बाजूची खिडकी उघडावी. आग असलेल्या खोलीची खिडकी उघडली तर आगीलाच वारा मिळतो. नाकातोंडावर ओले सुती कापड धरावे, खाली बसावे, खिडकीतून रंगीत कापड हलवावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे.

यातील ओल्या कापडाची गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा तेथील एका १० वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेली हीच युक्ती घरातल्यांना व शेजाऱ्यांना सांगितली. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. त्या आगीत ४ जण दगावले. शाळेतला एक तास किती माणसांच्या उपयोगी पडतो, याचे हे उदाहरण आहे.

समारोप

हा विषय महानगरांचा आहे, धानोऱ्याला त्याचे काय, असे काही मित्रांनी मला विचारले. आपल्याकडे उंच इमारती नाहीत हे खरे. पण आपल्याला आग नवी नाही. मोहफुलांच्या दिवसांत झाडाखालचा पाला जाळताना वणवा कसा पसरतो, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. उन्हाळ्यापूर्वी जंगलात जाळरेषा काढतात. मधला पट्टा साफ केला की आग पलीकडे जात नाही. दोन खिडक्यांमधील भिंत, बंद केलेले दार, मोकळा ठेवलेला जिना या इमारतीतील जाळरेषाच आहेत. जे ज्ञान आपल्या आजोबांना जंगलासाठी होते, ते आपल्याला घरासाठी मिळवावे लागेल, एवढेच.

आणि नियम कोणी पाळावयाचा, याचेही उत्तर आपल्या शेजारीच आहे. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव अभ्यासगटात बसून विषय समजून घेते आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरविते. जंगलाचा नियम जर गाव एकत्र बसून ठरवू शकते, तर बारा बिऱ्हाडांच्या इमारतीने एका संध्याकाळी बसून गच्चीचे कुलूप काढण्याचे ठरविणे अवघड नसावे.

१४ एप्रिल हा आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीचा दिवस. १९४४ साली याच तारखेला मुंबई बंदरात फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात आपल्या महाविद्यालयाने वसतिगृहाच्या आणि वर्गांच्या खिडक्या एकदा उघडून पाहाव्यात, अशी माझी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. त्याला खर्च नाही. जी उघडणार नाही तिच्यावर खडूने फुली मारावी. बाकीचे काम वेल्डिंगवाला करील.

दादाने त्या घटनेनंतर पंधरा दिवसांत घरमालकाची परवानगी काढून झडप करून घेतली. मी पुन्हा गेलो तेव्हा माझी पुतणी मला खिडकीपाशी घेऊन गेली आणि म्हणाली, "काका, ही कडी माझ्या हाताला येत नाही. पण आईच्या येते." तिने ते वहिनीकडून पाठ करून घेतले होते. मला वाटते, एवढा धडा प्रत्येक घरात पाठ असावा.